व्हायरस काढताना मशीनमध्ये नेमकं काय बघायचं

टेबलावर मशीन आलं की मी लगेच पॉवरचं बटण दाबत नाही. आधी मालकाला बोलतं करते. काय होतंय, कधीपासून होतंय, आणि त्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत काय डाउनलोड केलं होतं? ‘काहीच नाही’ हे उत्तर ठरलेलं. मग प्रश्न फिरवून विचारायचा: विकतचं कुठलं सॉफ्टवेअर फुकटात मिळालं? एखाद्या गेमचा क्रॅक? बिल म्हणून मेलवर आलेली झिप फाइल? एखाद्या साइटने ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ म्हणून विंडोज आणि आर ही बटणं दाबून काही पेस्ट करायला लावलं का? इथे बहुतेक वेळा धागा हाती लागतो. तो लागला नाही तर साफसफाई कितीही चांगली झाली तरी तोच पाहुणा त्याच दाराने परत येतो. आणखी दोन गोष्टी तेव्हाच विचारून घ्यायच्या: या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात का, आणि फाइलींची दुसरी कॉपी कुठे आहे का.

मुळात हा व्हायरसच आहे का, हेही बघावं लागतं. मशीन स्लो झालं की लोक व्हायरसचं नाव घेतात. प्रत्यक्षात हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत असते, रॅम पुरत नसते, नाहीतर पंख्यात धुळीचा थर बसलेला असतो. म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं एखादं टूल लावून डिस्कचं स्मार्ट रीडिंग, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, आधी बघा. रीअ‍ॅलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरच्या पुढे आकडे वाढलेले दिसले तर फुल स्कॅन लावू नका. फुल स्कॅन डिस्कवरची फाइल न् फाइल वाचतो, आणि दुबळी डिस्क त्या धावपळीतच मान टाकते. अशा वेळी आधी डेटा बाहेर काढायचा, व्हायरसचं नंतर बघू.

आधी नेट तोडा

लॅनची केबल काढायची आणि वायफाय बंद करायचं. हल्लीचा मालवेअर, म्हणजे व्हायरस आणि त्याचे सगळे भाईबंद, एकटा काम करत नाही. तो बाहेरच्या सर्व्हरकडून हुकूम घेतो, आणखी जोडीदार उतरवून घेतो आणि सापडलेले पासवर्ड तिकडे धाडतो. शिवाय शेजारच्या मशीनमध्ये शिरायला बघतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय असाच पसरला, विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका भोकातून, कोणी कशावरही क्लिक केलेलं नसताना. त्या भोकावरचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी अपडेट पुढे ढकललं त्यांची मशीन्स गेली.

पासवर्ड बदलायचे तेही याच वेळी, मशीन साफ होईपर्यंत थांबायचं नाही. पण बदलायचे दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून किंवा फोनवरून. पहिला नंबर ईमेलचा, कारण बाकीच्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच रिसेट होतात. मग बँक, मग बाकीचं. आणि ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ हे बटण शोधून दाबायचंच. हल्लीचे चोर मालवेअर पासवर्डबरोबर ब्राउझरमधल्या कुकी, म्हणजे लॉगिन झाल्याच्या खुणाही उचलतात, आणि चालू सेशनची कुकी हाती असली की पासवर्ड न विचारताच खातं उघडतं. ओटीपी लावलेला असला तरी. हे लोकांना पटवायला मला साफसफाईपेक्षा जास्त वेळ लागतो.

फाइलींची नावं डोळ्यांदेखत बदलत असतील, प्रत्येकीला मागे विचित्र शेपूट लागत असेल, तर तो रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारा मालवेअर आहे, आणि अजून काम करतोय. तेव्हा विचार करत बसायचं नाही. पॉवरचं बटण दाबून धरायचं आणि मशीन बंद पाडायचं. जेवढ्या फाइली वाचतील तेवढ्या आपल्या.

यानंतर डेटा. मी लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह लावून मशीन त्यावरून बूट करते आणि कागदपत्रं, फोटो, हिशेब बाहेरच्या डिस्कवर घेते. विंडोज चालूच नसल्यामुळे त्यातला व्हायरसही झोपलेला असतो. एक अडचण इथे हमखास येते: डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं एन्क्रिप्शनचं कुलूप असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागते. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. की सहसा त्याच खात्यात साठवलेली सापडते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी मशीन उठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये, हात घालण्याआधी ती लिहून घ्या.

कॉपी करताना प्रोग्रॅमच्या फाइली घेऊ नका: ईएक्सई, एससीआर, बॅट, व्हीबीएस, जेएस आणि शॉर्टकट. मॅक्रो असलेल्या वर्ड-एक्सेलच्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. आणि कोणाचे फोटो, कोणाचे चॅट आपल्यासमोर उघडे पडलेले असतात. ते कॉपी करायचे, उघडून बघायचे नाहीत. हे सांगावं लागू नये, पण सांगते.

मारण्याआधी बघा

नवशिके इथे घाई करतात. हाती लागेल तो अँटिव्हायरस लावतात, त्याने लाल रंगात दाखवलेलं सगळं डिलीट करतात, आणि रीस्टार्ट केल्यावर सगळं जागच्या जागी परत. व्हायरसची फाइल उडवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. तिला पुन्हा कोण उठवतं ते शोधणं हे खरं काम. हरळीचं पातं खुडून काय उपयोग, मूळ जमिनीत असतं.

म्हणून आधी प्रोसेस, म्हणजे या घडीला मशीनवर चालू असलेले प्रोग्रॅम बघायचे. टास्क मॅनेजर चालतो, पण त्याच्यावर विसंबू नका. एक ओळखीचं लक्षण सांगते: मशीन नुसतं सुरू आहे, कोणी काही करत नाही, तरी पंखा घोंघावतोय आणि तळ गरम झालाय. टास्क मॅनेजर उघडला की काही सेकंदांत पंखा शांत, सीपीयू तीन-चार टक्क्यांवर. बंद केला की पुन्हा घोंघाट. हा क्रिप्टोचं मायनिंग करणारा मालवेअर. टास्क मॅनेजर उघडला जातोय का यावर तो नजर ठेवून असतो आणि उघडला की दबा धरून बसतो. अशा वेळी सिसइंटर्नल्सचा प्रोसेस एक्सप्लोरर वापरायचा, आणि त्याच्या फाइलला आधी भलतंच नाव द्यायचं. सिसइंटर्नल्स २००६ पासून मायक्रोसॉफ्टचंच आहे. ही टूल्स त्यांच्या साइटवर फुकट मिळतात. ती दुसऱ्या मशीनवर उतरवून घ्यायची, आणि तीही लिहिण्यावर कुलूप घालणारं बटण असलेल्या पेन ड्राइव्हवर, म्हणजे आजारी मशीनमधलं काही त्यावर चढत नाही.

प्रोसेस एक्सप्लोररमध्ये मी तीन गोष्टी बघते. फाइल कुठून चालते, तिच्यावर कोणाची डिजिटल सही आहे, आणि तिला जन्म कोणी दिला. एसव्हीसीहोस्ट नावाच्या प्रोसेस विंडोजमध्ये ढीगभर असतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण खरी एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधून चालते आणि सर्व्हिसेस या प्रोसेसच्या पोटी येते. तीच जर युजरच्या अ‍ॅपडेटामधून किंवा टेम्प फोल्डरमधून चालत असेल, किंवा नावात व्ही आणि सी यांची अदलाबदल केलेली असेल, तर चोर सापडला.

सापडला म्हणून लगेच ‘किल’ करू नका. कित्येक मालवेअर जोडीने राहतात. एकाला मारलं की दुसरा त्याला पुन्हा उभा करतो, आणि कधी कधी नव्या नावाने, म्हणजे तुमची शोधाशोध पहिल्यापासून. आधी दोघांना ‘सस्पेंड’ करायचं. सस्पेंड झालेली प्रोसेस मेलेली नसते, त्यामुळे जोडीदाराला काही कळत नाही. दोन्ही गोठल्या की मग एकेक करून मारायच्या.

संशय असेल त्या फाइलची हॅश, म्हणजे तिच्या बोटाच्या ठशासारखी आकड्या-अक्षरांची ओळ, काढून ती दुसऱ्या मशीनवरून व्हायरसटोटलवर तपासायची. हॅश काढायला विंडोजमधलीच सर्टयुटिल ही कमांड पुरते. तिथे सत्तरेक अँटिव्हायरस इंजिनांचं मत एकत्र दिसतं. दोघा-तिघांनीच बोट दाखवलं असेल आणि तीही अनोळखी नावं असतील तर खोटा गजर असू शकतो. चाळीस जणांनी दाखवलं तर प्रश्नच मिटला. पण गिऱ्हाइकाची कागदपत्रं तिथे अपलोड करायची नाहीत. अपलोड केलेली फाइल पुढे इतरांच्या हाती पडू शकते. हॅशने शोधलं की फाइल आपल्याकडेच राहते.

तो परत उठतो कुठून

इथे ऑटोरन्स. हेही सिसइंटर्नल्सचंच, आणि माझ्याकडचं एकच टूल ठेवा म्हणालात तर मी हे ठेवीन. विंडोज सुरू होताना जे जे आपोआप चालू होतं त्या सगळ्याची यादी ते एका जागी मांडतं. ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा आणि सह्या तपासायला सांगा. यादी एकदम आटोक्यात येते. गुलाबी ओळ म्हणजे सही नाही किंवा कंपनीचं नाव नाही. पिवळी म्हणजे नोंद आहे पण तिची फाइल जागेवर नाही. बऱ्याचदा ही आधीच्या अँटिव्हायरसने अर्धवट केलेल्या कामाची खूण. गुलाबी म्हणजे व्हायरसच असं मात्र नाही. जुन्या प्रिंटरचे आणि स्कॅनरचे प्रोग्रॅमही गुलाबी दिसतात.

काही हलवण्याआधी ही यादी सेव्ह करून ठेवा. मग संशयास्पद नोंदीची नुसती टिक काढा, डिलीट करू नका. टिक काढलेली चूक ठरली तर परत लावता येते. मशीन रीस्टार्ट करा आणि बघा: टिक आपोआप परत आली असेल तर कोणीतरी अजून जागं आहे, आणि ते तुम्हाला अजून दिसलेलं नाही.

लॉगऑनच्या टॅबमध्ये रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीच्या, ‘रन’ नोंदी आणि स्टार्टअप फोल्डर दिसतात. हे सगळ्यात जुनं लपायचं ठिकाण, आणि आळशी मालवेअर अजून तिथेच सापडतो. त्याखाली विनलॉगऑनच्या दोन नोंदी बघाव्या. ‘शेल’च्या पुढे फक्त एक्सप्लोरर असायला हवा. ‘युजरइनिट’च्या पुढे त्याच नावाच्या फाइलचा पत्ता आणि शेवटी एक स्वल्पविराम असतो, तो स्वल्पविराम मुळातलाच आहे, पुसायला जाऊ नका. त्याच्या पुढे आणखी काही लिहिलेलं असेल तर ते उपरं.

‘इमेज हायजॅक्स’ हा टॅब लोक उघडतच नाहीत. अँटिव्हायरसच्या आयकॉनवर क्लिक केलं आणि काहीच घडलं नाही, तर इथे या. विंडोजमध्ये अशी सोय आहे की अमुक प्रोग्रॅम चालू करायला सांगितला तर त्याऐवजी तमुक डीबगर चालू करावा. प्रोग्रॅमरसाठी केलेली सोय. मालवेअर ती अँटिव्हायरसच्या नावावर लावतो, आणि डीबगर म्हणून भलतीच फाइल देतो. ती नोंद काढली की अँटिव्हायरस पुन्हा उघडतो.

पण आजकाल सगळ्यात जास्त माल शेड्यूल्ड टास्कमध्ये सापडतो. नाव अगदी साळसूद असतं: कुठल्याशा ब्राउझरचं अपडेट, नाहीतर ग्राफिक्स कार्डची तपासणी. उघडून अ‍ॅक्शन बघा. खऱ्या अपडेटरची फाइल प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरमध्ये असते. खोट्याच्या अ‍ॅक्शनमध्ये पॉवरशेल हे विंडोजचं कमांड चालवायचं साधन असतं, खिडकी लपवून चालवायची सूचना असते, आणि पुढे अर्थ न लागणाऱ्या अक्षरांची एक लांबलचक माळ, खिडकीच्या बाहेर जाईल इतकी. ती माळ म्हणजे सांकेतिक रूपात कोंबलेला आख्खा प्रोग्रॅम. ट्रिगर बघाल तर दर काही मिनिटांनी. अशा वेळी डिस्कवर व्हायरसची फाइल शोधून सापडत नाही, कारण ती नसतेच. माळ उलगडली की प्रोग्रॅम थेट मेमरीत चढतो. स्कॅन ‘काही सापडलं नाही’ म्हणतो आणि मालक म्हणतो तुमचा स्कॅन बिनकामाचा. टास्क काढण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. त्या माळेत कुठल्या दुसऱ्या फोल्डरचा पत्ता निघाला तर तोही साफ करायचा असतो.

मालकाने विंडोज-आर दाबून काही पेस्ट केलं होतं का, हे रजिस्ट्रीच सांगते. युजरच्या एक्सप्लोरर कीखाली ‘रनएमआरयू’ नावाची नोंद असते, त्यात रन खिडकीत शेवटी काय काय लिहिलं ते जपलेलं असतं. तिथे कुठल्याशा साइटवरून काही उतरवायची कमांड दिसली की पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

सर्व्हिसेस आणि डब्ल्यूएमआय (अमुक घडलं की तमुक चालव असं सांगता येणारी विंडोजची आतली यंत्रणा) हे दोन टॅबही चाळा. घरगुती मशीनवर डब्ल्यूएमआयचा टॅब सहसा रिकामा असतो, त्यामुळे तिथे काही दिसलं तर नीट बघा.

स्कॅन आणि सेफ मोड

आता स्कॅनची पाळी. पहिल्यांदा डिफेंडरच्या, म्हणजे विंडोजमधल्याच अँटिव्हायरसच्या, सेटिंगमध्ये ‘एक्सक्लूजन्स’ ही वगळायच्या फाइलींची यादी उघडा. कित्येक मालवेअर आत शिरल्याबरोबर आपलं फोल्डर, कधी आख्खा सी ड्राइव्हच, या यादीत घालून टाकतात. मग डिफेंडर चालू, हिरवी टिक झळकतेय, आणि चोराकडे बघायचंच नाही असा त्याला हुकूम. ही यादी रिकामी केल्याशिवाय केलेला स्कॅन फुकट.

मग ऑफलाइन स्कॅन. विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समध्ये तो असतो. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज उठण्याआधी तपासणी होते, त्यामुळे ड्रायव्हरच्या थरात लपलेलंही काही हाती लागतं. साधारण १५ मिनिटं लागतात. नेट तोडलेलं असल्यामुळे डेफिनिशन, म्हणजे व्हायरस ओळखायच्या खुणा, जुन्या असतील, तर ताजी फाइल मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून दुसऱ्या मशीनवर उतरवून आणा. त्यानंतर दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्स हा स्कॅनर. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी पहाऱ्याला बसवू नका, ते एकमेकांच्याच मानगुटीला बसतात. एकामागून एक स्कॅन करायला हरकत नाही. सापडलेलं क्वारंटाइन करा, म्हणजे वेगळं कोंडून ठेवा, डिलीट नंतर.

नॉर्मल मोडमध्ये काही काढू देत नसेल तर सेफ मोड. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा आणि ट्रबलशूटमधून जा. सेफ मोडमध्ये मोजकेच ड्रायव्हर चढतात आणि रनच्या नोंदी चालत नाहीत. एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूटची टिक लावून रीस्टार्ट करण्याची सवय अनेकांना असते, ती सोडा. सॅलिटीसारखे व्हायरस रजिस्ट्रीतल्या सेफ मोडच्या नोंदीच उडवून टाकतात. मशीन सेफ मोडमध्ये उठू शकत नाही, आणि टिक लावलेली असल्यामुळे नॉर्मलमध्येही येत नाही. फिरत बसतं.

ब्राउझर

उजव्या कोपऱ्यातून ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले’ म्हणून पाटी सरकत येते, ती व्हायरस नसते. कुठल्याशा साइटने नोटिफिकेशन दाखवू का विचारलं, मालकाने ‘अलाऊ’ दाबलं, एवढंच. साइट सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी काढा, काम झालं. माझ्याकडे व्हायरस म्हणून येणाऱ्या मशीनपैकी बऱ्याच जणांचं दुखणं एवढंच निघतं.

खरं चिकट प्रकरण म्हणजे एक्स्टेन्शन. काढलं तरी दोन दिवसांनी परत येतं, कारण ब्राउझरचं सिंक चालू असतं आणि ते मालकाच्या खात्यातूनच परत उतरतं. आधी सिंक बंद करा, मग एक्स्टेन्शन काढा. घरच्या मशीनवर ब्राउझरच्या मेनूत ‘हे तुमच्या संस्थेच्या नियंत्रणात आहे’ अशा अर्थाची ओळ दिसली तर रजिस्ट्रीत कोणीतरी पॉलिसी, म्हणजे सक्तीचं सेटिंग, घुसवली असण्याचा दाट संशय घ्या. अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर नावाचं टूल हे बऱ्याचदा साफ करतं. काही अँटिव्हायरसही अशी पॉलिसी घालतात, तेवढं तपासून घ्या. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या शॉर्टकटची प्रॉपर्टीज उघडून ‘टार्गेट’च्या शेवटी कुठल्या साइटचा पत्ता चिकटवलाय का तेही बघा.

साइटी भलतीकडेच उघडत असतील तर तीन ठिकाणं: प्रॉक्सीचं सेटिंग (नेटची वाट मधल्या सर्व्हरवरून वळवणारं), होस्ट्स फाइल (साइटींच्या पत्त्यांची मशीनमधली यादी), डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर). होस्ट्स फाइल सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हर्सच्या ईटीसी फोल्डरमध्ये असते. त्यात अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइटींची नावं १२७.०.०.१ या, म्हणजे मशीनच्या स्वतःच्याच, पत्त्यापुढे लिहिलेली दिसली तर मशीनला त्या साइटी का उघडता येत नाहीत ते कळलं. घरातल्या सगळ्याच मशीनवर आणि फोनवरही तोच त्रास असेल तर मशीनला दोष देऊ नका, राउटरमधला डीएनएस तपासा आणि राउटरचा पासवर्ड बदला.

पेन ड्राइव्हवरचे शॉर्टकट

ड्राइव्ह उघडला की आत सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट, नाहीतर ड्राइव्हच्याच नावाचा एकच शॉर्टकट. मालकाला वाटतं डेटा गेला. डेटा तिथेच असतो. व्हायरसने खऱ्या फोल्डरांवर ‘हिडन’ आणि ‘सिस्टम’ असे शिक्के मारलेले असतात आणि शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, मग फोल्डर उघडतं, म्हणून संशयही येत नाही. कधी सगळा माल एका बिननावाच्या फोल्डरमध्ये हलवलेला असतो. त्याचं नाव म्हणजे न दिसणारं एक अक्षर.

आधी मशीन साफ करायचं, पेन ड्राइव्ह नंतर. उलट केलंत तर ड्राइव्ह लावल्याबरोबर पुन्हा बाधतो. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या ड्राइव्हवर जाऊन अ‍ॅट्रिब ही कमांड द्यायची: वजा एच, वजा आर, वजा एस, मग स्लॅश एस, स्लॅश डी. शिक्के निघतात, फोल्डर दिसायला लागतात. शॉर्टकट आणि अनोळखी व्हीबीएस, जेएस फाइली उडवायच्या. डेटा दुसरीकडे घेऊन ड्राइव्ह फॉरमॅट केला की निश्चिंती.

फॉरमॅट कधी

सारखं फॉरमॅट मारणाऱ्या लोकांवर माझा राग आहे, पण काही वेळा तेच बरोबर असतं. सॅलिटी किंवा विरुटसारखा व्हायरस मशीनमधल्या प्रत्येक ईएक्सईत स्वतःला टोचतो. स्कॅनरने त्या फाइली स्वच्छ केल्या तरी निम्म्या नीट चालत नाहीत. कोणी बाहेरचा माणूस रिमोटने आत येऊन बसला होता असं दिसलं, तर त्याने काय काय बदललं ते शोधण्यात अर्थ नसतो. बँकेचे व्यवहार होणाऱ्या मशीनवर पासवर्डचोर सापडला, तरी मी फॉरमॅटच सुचवते.

इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह स्वच्छ मशीनवर बनवा आणि इन्स्टॉल करताना त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन्स उडवा. डी ड्राइव्हवर डेटा म्हणून तो तसाच ठेवतात, आणि त्यातच क्रॅकचं फोल्डर बसलेलं असतं. ‘फॉरमॅट केल्यावरही व्हायरस राहतो का’ असं लोक विचारतात. बायोसपर्यंत पोचणारे नमुने झालेत. सीआयएच या व्हायरसने २६ एप्रिल १९९९ रोजी कित्येक मशीन्सचे बायोस खराब केले, आणि २०१८ मध्ये लोजॅक्स हा यूइएफआयमध्ये, म्हणजे बायोसच्या नव्या अवतारात, राहणारा मालवेअर उघडकीला आला. पण घरगुती मशीनवर परत आलेला व्हायरस बहुतेक वेळा पेन ड्राइव्हमधून किंवा बॅकअपमधूनच आलेला असतो.

रॅन्समवेअरचं वेगळं आहे. मालवेअर काढला तरी फाइली उघडत नाहीत. नो मोअर रॅन्सम या साइटवर डच पोलीस, युरोपोल आणि सुरक्षा कंपन्यांनी मिळून २०१६ पासून सुटकेची टूल्स फुकट ठेवली आहेत. तिथे खंडणीची चिठ्ठी आणि एक कुलूपबंद फाइल देऊन रॅन्समवेअरची जात कुठली ते ओळखता येतं. आज टूल नसेल तर कुलूपबंद फाइली आणि ती चिठ्ठी एका डिस्कवर जपून ठेवा. पुढे किल्ल्या सापडल्याची उदाहरणं आहेत. ‘आम्ही नक्की उघडून देतो’ म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा.

मशीन परत देताना

विंडोजच्या बिघडलेल्या फाइली दुरुस्त करायच्या दोन कमांड चालवा: आधी डिसम, मग एसएफसी स्कॅननाऊ, याच क्रमाने. एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइली घेतो तो साठाच डिसम दुरुस्त करतं, पण त्याला नेट लागतं, म्हणून मशीन साफ झाल्यावरच. रजिस्ट्री क्लीनरच्या वाटेला जाऊ नका, त्यांनी कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. जुने रिस्टोअर पॉइंट सगळ्यात शेवटी उडवा आणि नवा बनवा. मधेच उडवले तर काही बिघडल्यावर मागे जायला वाट राहत नाही. विंडोजची अपडेट लावा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेही मालकाच्या कानावर घाला. डिफेंडरचं सेटिंग कोणाला बदलू न देणारं टॅम्पर प्रोटेक्शन चालू करा. रोजच्या वापराला अ‍ॅडमिन नसलेलं साधं खातं काढून द्या.

आणि एक्सप्लोररमध्ये फाइलींची एक्स्टेन्शन दिसतील असं सेटिंग करा. मे २०००मध्ये आयलव्हयू व्हायरस जगभर पसरला तो याच फटीतून. प्रेमपत्राच्या फाइलचं नाव टीएक्सटीवर संपल्यासारखं दिसायचं, पुढचं व्हीबीएस विंडोज लपवायचं. इतकी वर्षं झाली, सेटिंग अजून मुळात लपवूनच येतं.

अँटिव्हायरस खरोखर जागा आहे का हे तपासायला आयकार नावाची निरुपद्रवी चाचणी फाइल असते, अवघ्या ६८ अक्षरांची. ती उतरवल्याबरोबर गजर व्हायला हवा. झाला नाही तर एक्सक्लूजन्सची यादी पुन्हा उघडा.

मालकाला मी एका कागदावर लिहून देते: काय सापडलं, कुठे सापडलं, कशातून आलं, कुठले पासवर्ड बदलायचे राहिलेत, आणि या मशीनला लागलेले कुठले पेन ड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्क अजून तपासायच्या आहेत. साफ झाल्यावरची ऑटोरन्सची यादीही सेव्ह करून ठेवते. आठवड्याभराने ती पुन्हा काढून ‘कम्पेअर’ने जुनीशी ताडून बघायची. नव्या ओळी वेगळ्या रंगात उठून दिसतात. नवी ओळ मधल्या काळात टाकलेल्या प्रिंटरची असेल तर ठीक. नसेल तर केबल काढायची आणि ती कुठल्या टॅबमध्ये आली तिथून पुन्हा सुरुवात करायची.